रेषेतून देहाकडे : जपानी चित्रमालिकांची सजीव रूपांतरे आणि मराठी अनुभव

१

सोलापूरच्या मागावर जी नक्षीदार चादर विणली जाते, तिची नक्षी प्रथम कागदावर उतरलेली असते. चौकटी आखलेल्या त्या कागदावरील प्रत्येक घर म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्यांच्या भेटीचे एकेक ठिकाण होय. नक्षीकाराने काढलेली मोराच्या मानेची वळणदार रेषा या घरांत बसविताना तिच्या बारीक बारीक पायऱ्या होतात; त्या पायऱ्यांबरहुकूम जकार्डच्या पत्त्यांना छिद्रे पडतात, आणि अखेरीस कापडावर ते वळण पुन्हा वळण म्हणूनच दिसू लागते. कागदावरची रेषा जशीच्या तशी कापडावर कधीच येत नाही. ती मोडून धाग्याच्या धर्माप्रमाणे नव्याने बांधावी लागते, आणि असे बांधण्याचे ज्याला साधले त्याचाच मोर मोरासारखा दिसतो. एका माध्यमातील कलाकृती दुसऱ्या माध्यमात नेण्याचा विचार करताना विणकराच्या या व्यवहाराचे स्मरण ठेवणे उपयुक्त ठरेल.

जपानी ॲनिमे, म्हणजे रेखाटलेल्या चित्रांना गती देऊन सिद्ध केलेल्या कथामालिका, महाराष्ट्रातील मुलांना आता परक्या राहिलेल्या नाहीत. १९८९ साली जपानात तयार झालेली मोगलीची मालिका १९९३ मध्ये दूरदर्शनने घरोघरी पोचविली. ती जपानी आहे याची जाणीवही तेव्हाच्या बहुसंख्य प्रेक्षकांना नव्हती. पुढे २००५-०६ च्या सुमारास 'डोरेमॉन' आणि 'शिनचॅन' हिंदी बोलत आले. या दोन दशकांत वाढलेल्या पिढीसमोर आता त्याच परंपरेतील लोकप्रिय मालिका हाडामांसाच्या नटांसह दूरचित्रवाणीवर व नेटफ्लिक्ससारख्या मंचांवर अवतरत आहेत. त्यांच्याविषयी जी चर्चा ऐकू येते, ती बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते : रूपांतर मुळाशी प्रामाणिक आहे की नाही? हा प्रश्न चुकीचा नसला तरी अपुरा आहे. कशाशी प्रामाणिक राहावयाचे, हे ठरल्यावाचून प्रामाणिकपणाची चर्चा वेशभूषेच्या तपासणीपलीकडे जात नाही.

२

रेखाटलेल्या पात्राचे काही गुणधर्म असे आहेत की ते जिवंत नटाच्या ठिकाणी असूच शकत नाहीत. त्यांतील पहिला गुणधर्म संकेताचा होय. चित्रातील डोळा चेहऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा मोठा असला किंवा केस निळे असले, तरी पाहणारा त्याविषयी शंका घेत नाही; कारण सगळे जगच त्या रेषेचे बनलेले असते आणि त्या जगात तोच निसर्ग असतो. नटाच्या डोक्यावर मात्र निळे केस येताच तो टोप ठरतो.

दुसरा गुणधर्म काळाचा. एइइचिरो ओदा यांची 'वन पीस' ही चित्रकथा जुलै १९९७ मध्ये जपानी साप्ताहिकातून सुरू झाली आणि तिच्यावरील ॲनिमे ऑक्टोबर १९९९ पासून प्रसारित होऊ लागली. कथेच्या आरंभी तिचा नायक लुफी सतरा वर्षांचा आहे; पाव शतकाहून अधिक काळ आणि हजाराहून अधिक भाग उलटल्यावर तो एकोणीस वर्षांचा झाला आहे. रेषेला वय नसते. नटाला ते असते, आणि निर्मितीला विलंब झाला की ते पडद्यावर दिसू लागते.

तिसरा गुणधर्म देहाचा, आणि तो सर्वांत सूक्ष्म आहे. लुफीचे शरीर रबरासारखे ताणले जाते. चित्रात हा चमत्कार वस्तुतः चमत्कारच नव्हे. कारण ताणले जाणे हा रेषेचा स्वभावच आहे. लेखणी लांब ओढली की हात लांब झाला. येथे पात्राची शक्ती आणि माध्यमाची शक्ती एकरूप होतात. नटाचा हात यंत्राच्या साहाय्याने लांबविला, की तीच गोष्ट माध्यमाविरुद्ध घडवून आणलेली करामत बनते. मुळात जो आनंद सहजतेचा होता, तो आता कौशल्याच्या कौतुकाचा होतो. हे दोन आनंद एकच आहेत असे मानणे हीच रूपांतरकाराची मूळ चूक होय.

३

जपानात हा प्रश्न नवा नाही. ओसामू तेझुका यांच्या 'तेत्सुवान आतोमु' या यंत्रबालकाच्या चित्रकथेवर १९५९-६० मध्ये नटांना घेऊन दूरचित्रवाणी मालिका झाली, आणि तिच्या नंतर, १ जानेवारी १९६३ रोजी, त्याच कथेवरील सुप्रसिद्ध ॲनिमेचे प्रसारण सुरू झाले. म्हणजे सजीव रूपांतर हे ॲनिमेचे धाकटे भावंड आहे, ही समजूत इतिहासाला धरून नाही. शिवाय ज्यांना ॲनिमेची रूपांतरे म्हटले जाते त्यांतील पुष्कळशी मूळ मंगा, म्हणजे छापील चित्रकथा, यांच्यावर आधारलेली असतात. तथापि प्रेक्षकाच्या मनात आवाज, रंग व संगीत यांसह वसलेले असते ते ॲनिमेच. म्हणून तुलना तिच्याशीच होते.

जपानी रूपांतरकारांनी संकेताच्या प्रश्नाला दिलेल्या उत्तरांपैकी एक विशेष विचारात घेण्यासारखे आहे. २००३-०४ मध्ये 'सेलर मून' या मालिकेची नटींसह एकोणपन्नास भागांची आवृत्ती प्रसारित झाली. मूळ चित्रांत नायिकेचे केस सदैव पिवळे. सजीव मालिकेत ती शाळेत जाते तेव्हा तिचे केस सामान्य मुलीसारखे असतात. योद्ध्याचे रूप धारण करताच ते पिवळे होतात. तिची सोबतीण असलेली बोलकी मांजर बऱ्याच काळापर्यंत सरळ कापडी बाहुलीच्या रूपात दाखविली आहे. खऱ्या मांजराला बोलके भासविण्यापेक्षा बाहुलीला बोलू देणे अधिक प्रामाणिक, ही जाण त्यामागे आहे. मुळात जो संकेत सर्वव्यापी होता, तो येथे कथेतील एका क्षणाशी, रूपपालटाशी, बांधला गेला. रेषेच्या पायऱ्या करून ती धाग्यात बसविली गेली.

यामागे जपानी रंगभूमीचे पाठबळ आहे. काबुकीत नट एका उत्कट क्षणी विशिष्ट पवित्र्यात स्थिर उभा राहतो आणि प्रेक्षक त्या स्थिरतेला दाद देतो. ज्या प्रेक्षकाची दृष्टी अशी घडलेली आहे, त्याला चित्राचा नट होणे विचित्र वाटत नाही. 'वन पीस' याच कथेवर २०१५ साली टोकियोत काबुकी शैलीचे नाटक झाले, ही गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. दशावताराचा गणपती कागदी सोंडेसह ज्या मराठी प्रेक्षकाने भक्तिभावाने पाहिला, आणि बालगंधर्वांच्या रूपातील नायिकांवर ज्याच्या पूर्वजांनी जीव ओवाळून टाकला, त्यालाही हे समजणे अवघड जाऊ नये.

४

किंबहुना, चित्रातील मूर्तीला देह देण्याचा प्रश्न महाराष्ट्रात शतकापूर्वीच उपस्थित झाला होता. राजा रविवर्मा यांच्या छापील चित्रांनी देवदेवतांचे चेहरे घराघरांतील भिंतींवर निश्चित केले. दादासाहेब फाळके यांनी रविवर्म्यांच्या छापखान्याशी संबंधित काम केले होते. पुढे मे १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत प्रदर्शित करून त्यांनी पुराणातील पात्रांना चालते केले. त्यातील तारामतीची भूमिका साळुंके या पुरुष नटाने केली. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये बाळकृष्ण झाली ती फाळक्यांची कन्या मंदाकिनी. चित्रातल्या श्यामसुंदर बालकाला एका मुलीचा देह मिळाला आणि प्रेक्षकांनी तो स्वीकारला. हा स्वीकार सादृश्यामुळे झाला नाही. मुलीच्या खेळकर हालचालीत त्यांना कृष्णाचा खोडकरपणा ओळखू आला, म्हणून झाला. योगायोगाने 'वन पीस'च्या जपानी ॲनिमेत लुफीचा आवाज १९९९ पासून मायुमी तानाका या अभिनेत्रीचाच आहे. पात्राचे सत्त्व देहाच्या बाह्य लक्षणांत नसते, याची ही दोन टोकांची दोन प्रमाणे होत.

याच्या उलट दिशेचा प्रवासही भारतीय प्रेक्षकाने पाहिला आहे. रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवर झाली. त्यानंतर युगो साको यांच्या पुढाकाराने व राम मोहन यांच्या सहकार्याने जपानी-भारतीय ॲनिमे 'रामायण' १९९२ मध्ये पूर्ण झाली. तिच्या हिंदी आवृत्तीत रामाचा आवाज होता अरुण गोविल यांचा. येथे देह आधी आला आणि रेषा मागून. आणि रेषेला विश्वासार्हता मिळावी म्हणून देहाकडून आवाज उसना घेण्यात आला.

अलीकडच्या काळातील दोन उदाहरणे मात्र प्रस्तुत प्रश्नाच्या अधिक निकट आहेत. पहिले 'वागले की दुनिया'चे. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतील पात्रांवर आधारलेली ही मालिका कुंदन शाह यांच्या दिग्दर्शनाखाली १९८८ मध्ये दूरदर्शनवर सुरू झाली. लक्ष्मण यांचा चौकड्यांच्या कोटातील, धोतर नेसलेला सामान्य माणूस कधी बोलत नाही. तो केवळ साक्षी असतो. अंजन श्रीवास्तव यांचा वागले अखंड बोलतो, घाबरतो, चुकतो, हिशेब करतो. वेशही निराळा. तरीही लक्ष्मण यांची दृष्टी, म्हणजे सत्तेपुढे व गैरसोयींपुढे मध्यमवर्गीय माणसाने दाखविलेली केविलवाणी आणि तरीही न मोडणारी सहनशीलता, मालिकेत शाबूत राहिली. लक्ष्मण यांनी चित्रातील मौनाने जे साधले, ते मालिकेने बोलण्याच्या निष्फळतेने साधले. यालाच समतुल्य संकेताची योजना म्हणता येईल.

दुसरे उदाहरण 'चिंटू'चे. चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रपट्टी १९९१ च्या नोव्हेंबरपासून 'सकाळ'मध्ये येऊ लागली आणि सकाळच्या चहाबरोबर तीन-चार चौकटींतील चिंटू पाहणे हा असंख्य मराठी घरांचा नित्यक्रम झाला. २०१२ मध्ये श्रीरंग गोडबोले यांनी त्यावर चित्रपट केला आणि २०१३ मध्ये त्याचा दुसरा भागही आला. शुभंकर अत्रे हा चिंटू, सुबोध भावे व विभावरी देशपांडे हे त्याचे आईवडील. मुले हसतमुख व निरागस आहेत, वसाहतीतील वातावरण ओळखीचे आहे, आणि मराठी मुलांसाठी मराठीत काही करण्याची कळकळ चित्रपटातून उघड दिसते. एवढे मान्य करूनही एक उणीव नोंदविणे प्राप्त आहे.

चिंटूच्या पट्टीत खरा खलनायक नाही. तेथील संघर्ष अभ्यास आणि खेळ, आईची शिस्त आणि पोराची पळवाट एवढाच, आणि तो शेवटच्या चौकटीत एका स्मितात विरून जातो. दुसऱ्या दिवशी चिंटू पुन्हा जेथल्या तेथे. ही पुनरावृत्ती हेच पट्टीचे काव्य आहे. बालपण संपत नाही, असा दिलासा ती रोज देते. चित्रपटाला दोन तासांचे कथानक हवे. म्हणून मुलांचे मैदान हातचे जाण्याचा प्रसंग आला, ते बळकावणारी मोठी माणसे आली, आणि लढ्याअंती विजय आला. कथानक रचले गेले, पण चौकटीचा श्वास त्यात गुदमरला. या कथेला योग्य साचा होता तो दूरचित्रवाणीवरील अल्पावधीच्या भागांचा : रोज पाच-सात मिनिटे, एकच प्रसंग, एकच स्मित. चित्रपटाऐवजी मालिका, हा भेद येथे केवळ व्यापारी सोयीचा नसून रूपाचा आहे.

५

याच कसोटीने दोन बहुचर्चित मालिका तपासून पाहता येतात. शिनिचिरो वातानाबे दिग्दर्शित 'काऊबॉय बिबॉप' ही १९९८ मधील सव्वीस भागांची ॲनिमे. तिची सजीव आवृत्ती नेटफ्लिक्सवर नोव्हेंबर २०२१ मध्ये आली. दहा भाग झाले, आणि महिना उलटण्यापूर्वीच ती पुढे न चालविण्याचा निर्णय जाहीर झाला. या मालिकेवर अप्रामाणिकपणाचा आरोप सहज करता येत नाही. वेश तेच, यान तेच, संगीतही मूळच्याच योको कान्नो यांचे. उणे काय होते? मूळ कृतीत नायकाचा पूर्वेतिहास सूचित केलेला आहे, सांगितलेला नाही. त्याचा वैरी व्हिशस मोजक्याच भागांत येतो; ज्युलिया ही प्रेयसी तर जवळजवळ स्मृतिरूपानेच वावरते. तिच्या अनुपस्थितीतच तिचे सामर्थ्य आहे. रूपांतरकारांनी या दोघांना भरपूर अवकाश दिला, त्यांच्यासाठी संवाद व कारस्थाने रचली, आणि जे मौन होते ते माहितीने भरून टाकले. ध्वनिसिद्धान्ताच्या भाषेत बोलावयाचे तर व्यंग्याचे वाच्य झाले. बाह्य रूप शंभर टक्के राखूनही आतील काव्य हरवू शकते, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

'वन पीस'ची सजीव मालिका ३१ ऑगस्ट २०२३ रोजी आली. पहिल्या आठ भागांत तिने मूळ ॲनिमेच्या चाळीसहून अधिक भागांचा ऐवज सामावला. येथेही वेश मुळाबरहुकूम आहेत : लाल बंडी, गवती टोपी. मग हीच गोष्ट एका ठिकाणी उपरी व दुसऱ्या ठिकाणी सहज का वाटावी? कारण येथे अतिशयोक्ती केवळ पात्राच्या अंगावर चिकटविलेली नाही. ती सर्वत्र वाटून दिलेली आहे. जहाजे खरोखर बांधली आहेत, पण त्यांची शीर्षे चित्रातल्यासारखी. दूरध्वनीऐवजी गोगलगायी आहेत आणि कोणीही त्याबद्दल आश्चर्य व्यक्त करीत नाही. चेहऱ्याच्या अगदी जवळून, रुंद भिंगातून घेतलेली दृश्ये माणसाच्या मुद्रेला किंचित रेखाचित्राचे बाक देतात. इनाकी गोदोय या तरुण नटाने लुफी रंगविताना त्याच्या ताणल्या जाणाऱ्या हातांपेक्षा त्याच्या निःशंक हसण्यावर भिस्त ठेवली. रबराचा लवचिकपणा अशा रीतीने स्वभावात उतरला : हा मुलगा कशानेही मोडत नाही, ही गोष्ट प्रेक्षकाला प्रथम त्याच्या चेहऱ्यावरून पटते आणि मग हाताच्या करामतीवरून.

अर्थात या यशालाही मर्यादा आहेत. संक्षेपामुळे काही पात्रांची दुःखे घाईने उरकली गेली आहेत. आणि जेथे शरीर खरोखरच ताणले जाते, तेथे क्षणभर जग दुभंगल्याचा भास होतोच. संक्षेपाचा हा दोष त्याच वर्षीच्या डिसेंबरात आलेल्या 'यू यू हाकुशो'त तर फारच ठळक आहे. शंभराहून अधिक भागांच्या ॲनिमेतील ठळक लढाया तेथे पाच भागांत कोंबल्या आहेत. मैत्री जडण्यास जो वेळ लागतो तोच उरलेला नाही.

६

या सर्व विवेचनातून रूपांतराच्या परीक्षणासाठी दोन कसोट्या हाती येतात. मुळातील कोणता संकेत काव्याचा वाहक आहे, हे रूपांतरकाराने ओळखले आहे काय, ही पहिली. त्या संकेताच्या जागी नव्या माध्यमाच्या धर्माला मानवणारा समतुल्य संकेत त्याने निर्माण केला आहे काय, ही दुसरी. 'काऊबॉय बिबॉप'ने वेश ओळखला, मौन ओळखले नाही. 'चिंटू'ने मौज ओळखली, चौकट ओळखली नाही. 'वागले'ने वेश सोडला आणि दृष्टी राखली.

यावर एक आक्षेप संभवतो. कथा सशक्त असेल तर माध्यम, भूमी, भाषा काहीही बदलले तरी ती तग धरते, असे म्हटले जाईल. योको कामिओ यांच्या 'हाना योरी दांगो' या शाळकरी प्रेमकथेवर तैवानात २००१, जपानात २००५ व कोरियात २००९ साली मालिका झाल्या आणि तिन्ही लोकप्रिय ठरल्या, हा त्याला पुरावा. परंतु या कथेचा भार रेषेवर नसून श्रीमंत-गरीब या सामाजिक अंतरावर आहे, आणि ते अंतर प्रत्येक देशात आयतेच उपलब्ध असते. जेथे भूमी हीच काव्याची वाहक असते, तेथे काय होते याचे उदाहरण सोलापूर जिल्ह्याने स्वतःच अनुभवले आहे. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' (२०१६) करमाळा परिसराच्या मातीतून, तेथील बोलीतून आणि जातिव्यवस्थेच्या प्रत्यक्ष दाबातून उभा राहिला. २०१८ मध्ये 'धडक' या हिंदी रूपांतराने कथा उदयपुरास नेली. प्रसंगांचा क्रम बराचसा तोच राहिला, परंतु बोलीची धार आणि जातीची स्पष्टता बोथट झाली. मूळ रेषा तेथे गेली. तिला धरून ठेवणारे ताणे-बाणे गेले नाहीत. करमाळ्याच्या प्रेक्षकाला 'धडक' परका वाटला, तर त्याचे कारण प्रादेशिक अभिमानात शोधण्याचे प्रयोजन नाही; ते कृतीतच आहे.

प्रश्नाचे गांभीर्य येथेच आहे. मराठी, कन्नड व तेलुगू या तीन भाषा ज्या शहराच्या गल्ल्यांत एकत्र नांदतात, तेथील मूल लुफीला, शिनचॅनला किंवा रामालाही प्रामुख्याने चौथ्या भाषेतून भेटते. त्यात तक्रार करण्यासारखे थोडे आणि विचार करण्यासारखे पुष्कळ आहे. परक्या रेषेला आपल्या घरात जागा देण्याची उदारता या मुलांपाशी आहे. पण त्यांच्या स्वतःच्या बोलीतील रेषा त्यांना फार थोड्या मिळाल्या, आणि ज्या मिळाल्या त्यांना देह देण्याचे प्रयत्न त्याहून थोडे झाले. असे प्रयत्न पुढे होतील तेव्हा वेशभूषा जुळली की नाही एवढेच पाहणारी समीक्षा त्यांच्या उपयोगी पडणार नाही. कागदावरचा मोर मागावर उतरविताना कोणती रेषा मोडावी आणि कोणती कदापि मोडू नये, हे सांगू शकणारी समीक्षा त्यांना लागेल. ती तयार करणे हे ज्या अभ्यासकांच्या खिडकीबाहेर मागाचा खडखडाट अजून ऐकू येतो, त्यांचे विशेषत्वाने कर्तव्य होय.